गोंधळ वेगळा, खरखर वेगळी

जेम्स ग्लिक या अमेरिकन पत्रकाराचे ‘केऑस’ हे पुस्तक १९८७ साली निघाले. विज्ञानाच्या वाटेला फारसे न जाणाऱ्यांनीही ते वाचले. पुलित्झर पारितोषिकाच्या अंतिम यादीपर्यंत ते पोचले, अनेक भाषांत गेले. ब्राझीलमधल्या फुलपाखराने पंख फडकवले तर टेक्ससमध्ये वादळ होईल का, हा प्रश्न आज नववीतल्या मुलालाही ठाऊक असतो. त्याचे बरेचसे श्रेय या पुस्तकाला आणि थोडेसे १९९३ सालच्या ‘ज्युरासिक पार्क’ या चित्रपटाला द्यावे लागेल. शाळेच्या ग्रंथालयासाठी हे पुस्तक घ्यावे का, असे शिक्षक विचारतात तेव्हा मी ‘जरूर घ्या’ असेच सांगतो. पण त्यासोबत एक इशाराही देतो. तो इशारा दोन वाक्यांत मावत नाही, म्हणून हा लेख.

आधी पुस्तकाचे गुण. एडवर्ड लोरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाची १९६१ सालची गोष्ट ग्लिकने ज्या तऱ्हेने सांगितली आहे, तशी क्वचितच कुणाला साधेल. लोरेन्झ संगणकावर हवामानाची एक सोपी नक्कल चालवत होता. एक गणित पुन्हा करून पाहताना त्याने मधूनच सुरुवात केली आणि ०.५०६१२७ या आकड्याऐवजी छापील कागदावर होता तो ०.५०६ हा आकडा घातला. फरक सुमारे चार हजारांत एक भाग. थोडा वेळ दोन्ही आलेख एकमेकांवर पडले, मग सुटत गेले आणि शेवटी त्यांचे एकमेकांशी काही नाते उरले नाही. हा प्रसंग वाचून ज्याला गणित करून पाहावेसे वाटणार नाही, असा विद्यार्थी विरळा. रॉबर्ट मे यांचे प्राण्यांच्या संख्येचे गणित, फायगेनबाउमचा ४.६६९ हा स्थिरांक, पॅरिसमधला अल्बेर लिबशाबेरचा द्रव हेलियमचा प्रयोग, हे सारे ग्लिक समीकरणांशिवाय आणि तरीही फारसे न भोंगळता सांगतो. हे सोपे काम नाही.

आता शब्दांची अडचण. केऑसला आपल्याकडे कुणी गोंधळ म्हणतात, कुणी अनागोंदी, कुणी कोलाहल. यातला शेवटचा शब्द सर्वांत घातक. कोलाहल म्हणजे आवाजांचा कल्लोळ, आणि इंग्रजीत ज्याला नॉइज म्हणतात ते तर केऑसहून अगदी निराळे प्रकरण आहे. नॉइजला काही जण ‘रव’ म्हणतात. मला मात्र रेडिओचे स्टेशन नीट लागले नाही की ऐकू येते ती ‘खरखर’ जास्त जवळची वाटते. या लेखात केऑसला गोंधळ आणि नॉइजला खरखर म्हणू. गोंधळ हा शब्द वाटतो तितका वाईट नाही. देवीचा गोंधळ ज्यांनी पाहिला असेल त्यांना माहीत आहे की बाहेरून कितीही दणदणाट वाटला, तरी चौक मांडण्यापासून आरतीपर्यंत सगळे ठरल्या क्रमाने चालते.

पदार्थविज्ञानातल्या गोंधळाचेही तसेच आहे. त्यात नियम पक्का असतो, नशिबाला कुठेच जागा नसते. फक्त सुरुवातीचा बारीकसा फरक पायरीगणिक वाढत जातो. खरखरीत याच्या उलट असंख्य लहान लहान धक्के असतात, कधी बाहेरून आलेले, कधी वस्तूच्या स्वतःच्या अणूंच्या थरथरीतून आलेले. त्यांचा एकेकट्याचा हिशेब ठेवणे शक्य नसते.

हा फरक वर्गात दहा मिनिटांत दाखवता येतो. मुलांना गणकयंत्र द्या. एक आकडा घ्यायचा, त्याला एकातून तो वजा करून आलेल्या आकड्याने गुणायचे आणि गुणाकाराची चौपट करायची. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करायचे. ०.३ पासून सुरुवात केली तर ०.८४, ०.५३७६, ०.९९४३, ०.०२२५, ०.०८७९ असे आकडे येतात. आकड्यांत काही शिस्त दिसत नाही. शेजारच्या मुलाने ०.३०१ पासून सुरुवात करावी. पाच पायऱ्यांपर्यंत दोघांचे आकडे बऱ्यापैकी जवळ राहतात. आठव्या पायरीला मात्र पहिल्याकडे ०.४५ आणि दुसऱ्याकडे ०.७२ असते.

इथवर बहुतेक शिक्षक जातात, आणि इथेच थांबतात. पुढची पायरी जास्त महत्त्वाची आहे. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर एक आकडा आणि उभ्या अक्षावर त्याच्या पुढचा आकडा, असा एकेक ठिपका मांडत जा. पंचवीस-तीस ठिपके झाले की कागदावर एक स्वच्छ कमान उमटते. आता हेच चिठ्ठ्या टाकून काढलेल्या आकड्यांनी करा. ठिपके सगळ्या कागदभर विखुरतील, कमान नाही की रेघ नाही. आकड्यांच्या दोन्ही यादी नुसत्या पाहिल्या तर सारख्याच अस्ताव्यस्त. पण एकीत नियम लपलेला आहे, दुसरीत नाही.

ग्लिकच्या पुस्तकाविषयी माझी तक्रार आहे ती याच ठिकाणी. पुस्तकात खरखर पुन्हा पुन्हा येते, पण बहुतेक वेळा एकाच भूमिकेत: आधी सगळ्यांना जी खरखर वाटली होती, ती नीट पाहिल्यावर नियमबद्ध निघाली. हॉलंडचा बाल्थाझार व्हान डर पॉल याने १९२७ साली निर्वात नळीच्या आंदोलकाची वारंवारता टेलिफोनचा श्रवणभाग कानाला लावून तपासली. वारंवारता एका पायरीवरून दुसरीवर जाण्याआधी त्याला अनियमित आवाज ऐकू येई. ही गौण गोष्ट आहे असे म्हणून त्याने ती बाजूला ठेवली. आज आपण म्हणतो की त्याने गोंधळच ऐकला होता. मँडेलब्रॉटने टेलिफोनच्या तारांतल्या खरखरीकडे पाहिले आणि तिच्या झुबक्यांत त्याला नक्षी सापडली. सांताक्रूझच्या रॉबर्ट शॉने गळक्या नळाच्या थेंबांमधला काळ मोजला आणि वर सांगितला तसाच आलेख काढून त्यातला नियम दाखवला. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, तिन्ही रंगून सांगितलेल्या आहेत. पण एकामागून एक वाचल्यावर वाचकाच्या मनात जे ठसते ते असे, की जगात निव्वळ खरखर अशी नसतेच; डोळे असलेल्या माणसाला प्रत्येक अस्ताव्यस्तपणात नियम सापडतो.

हे खरे नाही, आणि या गैरसमजाची किंमत मोजावी लागते. मटक्याचे आकडे वर्षानुवर्षे वहीत उतरवून त्यांचा तक्ता करणारी माणसे आपण पाहिली आहेत. शेअरबाजाराच्या वरखाली जाणाऱ्या रेघेत आकृत्या शोधणारी माणसे त्यांच्याहून जरा बऱ्या कपड्यांत असतात, इतकेच. खरखरीत नियम शोधण्याचा हा रोग आहे. उलट बाजूचा रोग आपल्या शाळांच्या प्रयोगशाळेत आहे. वाचने विखुरलेली आली की मुले सरासरी काढतात आणि मोकळी होतात. विखुरणे खरखरीमुळे असेल तर हे योग्यच. पण ते गोंधळामुळे असेल, तर सरासरीने नेमका नियमच पुसला जातो. वरच्या खेळातल्या आकड्यांची सरासरी काढलीत तर ती ०.५ च्या आसपास येईल, आणि कमान कायमची हरवेल. विखुरलेल्या वाचनांसमोर बसलेल्या माणसाने पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की हे काय आहे. ग्लिकचे पुस्तक तो प्रश्न विचारायला शिकवत नाही, कारण उत्तर त्याने आधीच ठरवून ठेवले आहे.

प्रश्न किती खरा आहे हे पाहायला आपल्या खिशातच एक उपकरण आहे. मोबाईल फोन आडवा केला की पडद्यावरचे चित्र फिरते, गाडी वळली की नकाशा वळतो. फोनमध्ये सिलिकॉनचे सूक्ष्म भाग असतात. त्यांतला वळण ओळखणारा भाग दर सेकंदाला हजारो वेळा डोलत असतो. अशा डोलणाऱ्या सूक्ष्म वस्तूंना सूक्ष्मयांत्रिक अनुनादक म्हणता येईल. या कल्पनेची सुरुवात जुनी आहे. वेस्टिंगहाउस कंपनीतल्या हार्वी नॅथन्सन आणि सहकाऱ्यांनी ट्रान्झिस्टरवर सोन्याची कंप पावणारी बारीक पट्टी बसवली होती, त्यावरचा त्यांचा विस्तृत निबंध १९६७ सालचा आहे. ग्लिक पुस्तक लिहीत होता तेव्हा सिलिकॉन कोरून यंत्रे बनवण्याचे तंत्र बाल्यावस्थेत होते. ते त्याच्या पुस्तकात नाही म्हणून त्याला दोष देता येत नाही. पण गोंधळ आणि खरखर यांचे नाते कसे असते हे आज याच उपकरणांत सर्वांत स्वच्छ दिसते, आणि त्या उजेडात पुस्तक पुन्हा वाचणे योग्य होईल.

शाळेतल्या लंबकापासून सुरू करू. पाठ्यपुस्तक सांगते की आंदोलनाचा आयाम काहीही असो, दोलनकाल तोच. लगेच कंसात ‘आयाम लहान असल्यास’ असेही म्हणते, आणि परीक्षेत त्या कंसाला एक गुण असतो. आयाम १० अंश असेल तर दोलनकाल जेमतेम ०.२ टक्के वाढतो, पण ६० अंशांना तो सुमारे ७ टक्के आणि ९० अंशांना १८ टक्के वाढतो. आयामानुसार दोलनकाल बदलतो, अशा वस्तूला अरेषीय म्हणायचे. दोन्ही टोके घट्ट धरलेली बारीक पट्टी लंबकाच्या उलट वागते. ती जास्त वाकली की ताणली जाते, ताणली की ताठ होते, आणि वारंवारता वाढते. तंबोऱ्याची तार जोरात छेडली तर सूर क्षणभर चढा लागतो, तो याच कारणाने. अशा आंदोलकांचे गणित जर्मन अभियंता गेओर्ग डफिंग याने १९१८ सालीच पुस्तकरूपाने मांडले होते.

लंबकाच्या बाबतीत ही अरेषीयता टाळणे सोपे. झोका लहान द्यायचा, झाले. सूक्ष्म पट्टीला ही मुभा नसते, कारण खालून खरखर वर येत असते. खोलीच्या तापमानाला प्रत्येक आंदोलकात अणूंच्या उष्णतेमुळे थोडी ऊर्जा असतेच. तिचे मान सुमारे ४ × १०⁻²¹ ज्यूल. पट्टीचा ताठरपणा मीटरला ०.१ न्यूटन धरला, तर तिचे टोक कुणी न हलवता सरासरी ०.२ नॅनोमीटर थरथरत असते, म्हणजे साधारण एका अणूच्या व्यासाइतके. एक मीटर लांबीच्या, १०० ग्रॅम गोळ्याच्या लंबकासाठीही हे गणित करून पाहा. तिथे ताठरपणा मीटरला सुमारे १ न्यूटन येतो आणि थरथर ०.०६ नॅनोमीटर. दोन थरथरींत फारसा फरक नाही. पण लंबक १० सेंटिमीटर झोके घेतो, त्यापुढे ती थरथर नसल्यात जमा. सूक्ष्म पट्टीचे सगळे आयुष्यच नॅनोमीटरमध्ये. झोका लहान ठेवावा तर तो थरथरीत बुडतो, मोठा करावा तर पट्टी अरेषीय होते. मध्ये सरळ वागण्याची जी खिडकी उरते, ती पट्टी जितकी बारीक तितकी अरुंद. फार बारीक पट्ट्यांत ती जवळजवळ मिटूनच जाते. म्हणजे खरखर आणि अरेषीयता यांतले एक निवडा, असे इथे म्हणता येत नाही. दोघी एकाच घरात राहतात.

आता अशा दोन पट्ट्या जोडू. वर्गात एक सैलसर दोरी आडवी बांधून तिला सारख्या लांबीचे दोन लंबक टांगून पाहा. एकाला झोका दिला की थोड्या वेळाने तो थांबतो आणि दुसरा झुलू लागतो, मग पुन्हा पहिला. ऊर्जा दोरीतून इकडून तिकडे जाते. झोके लहान असतील तर ही देवघेव घड्याळासारखी नियमित चालते. लंबकांऐवजी अरेषीय पट्ट्या असतील, आणि त्यांना बाहेरून जोराने हलवत ठेवले, तर काय होते? कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेक संस्थेत करबालिन, क्रॉस आणि राउक्स यांनी हा प्रयोग केला आणि २००९ साली प्रसिद्ध केला. लवचीक जोड असलेल्या दोन सूक्ष्म पट्ट्या त्यांनी त्यांच्या अनुनादाच्या आसपास चालवल्या. आयाम मोठा झाल्यावर पट्ट्यांच्या कंपनांचा आयाम आपोआप वरखाली होऊ लागला. चालना ठरावीक, पण प्रतिसाद झुलता. पुढे या वरखाली होण्याचा आवर्तकाल दुप्पट झाला, आणि अखेरीस त्यात काही आवर्तन उरले नाही.

ही खरखर कशावरून नव्हे? ग्लिकचा वाचक हा प्रश्न विचारायला विसरेल, प्रयोग करणाऱ्याला विसरून चालत नाही. इथे दोन पुरावे होते. एक म्हणजे दुपटीची पायरी. खरखर वाढते ती हळूहळू, सगळीकडून, साध्या चढासारखी. गोंधळाच्या बऱ्याच वाटा दारांतून जातात. आवर्तकाल दुप्पट, मग चौपट, मग आठपट, आणि मग गोंधळ. दुसरा पुरावा अधिक भक्कम. दोन पट्ट्यांचे साधे समीकरण मांडून हा सगळा प्रवास आकड्यांनिशी आधीच सांगता आला, आणि प्रयोग त्याच्याशी जुळला. खरखरीचे समीकरण मांडून पुढचा धक्का कुणी सांगितल्याचे ऐकिवात नाही.

तरीही दोन्ही गोष्टींत भिंत घालता येत नाही, आणि हा भाग पुस्तकात फारच ओझरता आला आहे. दुपटीच्या पायऱ्या गणितात अनंत असतात. प्रयोगात तीन-चार दिसल्या तरी नशीब, कारण पुढच्या पायऱ्या खरखरीत बुडतात. १९८१ साली क्रचफिल्ड, नाउएनबर्ग आणि रुडनिक यांनी दाखवले की आणखी एक पायरी दिसायची असेल तर खरखर सुमारे ६.६ पटीने कमी करावी लागते. फायगेनबाउमच्या ४.६६९ सारखाच हाही एक स्थिरांक. गंमत अशी की यातला क्रचफिल्ड ग्लिकच्या पुस्तकातला एक नायक आहे, सांताक्रूझच्या तरुण टोळीतला. त्याच्या गळक्या नळाच्या आणि उमेदवारीच्या गोष्टी पुस्तकात भरपूर आहेत, या ६.६ ला मात्र म्हणण्यासारखी जागा मिळालेली नाही. मिळाली असती तर खरखर ही नियमाने वागणारी, मोजता येणारी मर्यादा आहे, हे वाचकाला उमगले असते. आणि गोंधळ असलेल्या यंत्रात ही अणूंची थरथरच सुरुवातीच्या बारीक फरकाची जागा घेते. फुलपाखरू शोधायला ब्राझीलला जायला नको. ते पट्टीच्या आत बसलेले आहे.

खरखरीची आणखी एक बाजू आहे. डफिंगच्या आंदोलकाला एकाच चालनेखाली दोन स्थिर प्रकारांनी डोलता येते, मोठ्या आयामाने किंवा लहान. कोणत्या प्रकारात तो असेल हे त्याच्या पूर्वेतिहासावर ठरते. बोस्टन विद्यापीठातल्या बॅडझी आणि मोहंती यांनी २००५ साली अशाच दोन स्थिती असलेल्या पट्टीला एक अगदी क्षीण संकेत दिला. त्याने पट्टी एका स्थितीतून दुसरीत जाईना. मग त्यांनी मुद्दाम खरखर मिसळली. खरखर थोडी असताना काही होईना, फार झाली तेव्हा पट्टी वाटेल तशी उड्या मारू लागली, पण मधल्या एका प्रमाणात ती संकेताच्या तालावर इकडून तिकडे जाऊ लागली. अडकलेला खण नुसता ओढून निघत नाही. जरा हलवत ओढला की निघतो, तसे काहीसे. ही कल्पना इटलीतल्या बेन्झी, सुतेरा आणि व्हुल्पियानी यांनी १९८१ साली हिमयुगांच्या आवर्तनासंदर्भात पुढे आणली होती. हिमयुगांच्या बाबतीत ती कितपत लागू पडते यावर मतभेद झाले, पण पट्टीवर ती प्रत्यक्ष दिसली.

इतकी टीका केल्यावर आता ग्लिकच्या पदरात एक मोठे माप घातले पाहिजे. लिबशाबेरच्या प्रकरणात एक परिच्छेद आहे. लिबशाबेर आपल्या लिंबाच्या बीएवढ्या कोठडीत द्रव हेलियम घालून, ती खालून अगदी किंचित तापवून, बाहेरचा प्रत्येक धक्का टाळून प्रयोग करत होता. त्या ओघात ग्लिक सांगतो की लिबशाबेरच्या मते अरेषीयता वस्तूला बिघडवते तशी सावरतेही. रेषीय वस्तूला धक्का बसला की ती ढळलेलीच राहते. अरेषीय वस्तू तो पचवून आपल्या चालीवर परत येऊ शकते. सजीवांची शरीरे या गोंगाटाच्या जगात टिकतात ती कदाचित म्हणूनच. पुस्तकातली सर्वांत दूरदृष्टीची ओळ हीच आहे, आणि ग्लिक ती सांगून लगेच पुढच्या नाट्याकडे वळतो.

पंचवीस वर्षांनी सूक्ष्म अनुनादकांत नेमके हेच घडले. घड्याळाला आंदोलक लागतो तो वारंवारता न बदलणारा. मनगटी घड्याळातला क्वार्ट्झचा चिमटा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि तिथेच राहतो. सिलिकॉनच्या पट्टीत मात्र वर पाहिलेली पंचाईत उभी राहते. झोका मोठा केला की आयाम आणि वारंवारता यांची गाठ पडते, आणि आयामातली प्रत्येक थरथर वारंवारतेत उतरते. अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेतल्या अंतोनिओ आणि लोपेझ यांनी अर्जेंटिनाच्या झानेट यांच्यासह २०१२ साली यावर उपाय दाखवला. एकाच आंदोलकाला डोलण्याचे अनेक प्रकार असतात. त्यांनी वाकण्याचा प्रकार अशा ठिकाणी नेला, की तिथे पिळवटण्याच्या दुसऱ्या प्रकाराची वारंवारता त्याच्या बरोबर तिप्पट होती. अरेषीयतेमुळे दोन्ही प्रकार जोडले गेले. पहिल्यातली थरथर दुसरा शोषून घेऊ लागला आणि वारंवारता स्थिरावली. ज्या दोन गोष्टींना अभियंते वैरी समजत होते, अरेषीयता आणि जोड, त्यांनीच खरखर आवरली. लिबशाबेरच्या परिच्छेदाची ही सोदाहरण टीप म्हणता येईल.

वर सांगितलेली आलेखाची युक्ती कुठे चालत नाही, हेही सांगायला हवे. दोन पट्ट्यांपुरते ठीक आहे. बुक्स आणि राउक्स यांनी २००२ साली ६७ पट्ट्यांची रांग करून ती चालवली. तीत चालना पट्टीच्या ताठरपणातच आवर्ती बदल करून दिलेली होती. (मेल्डेचा प्रयोग ज्यांनी केला असेल त्यांना आठवेल, की चिमटा तारेच्या दिशेत कंप पावत असेल तर तार त्याच्या निम्म्या वारंवारतेने डोलते, तो याच जातीचा.) इतक्या पट्ट्या असताना त्यांतला गोंधळ कागदावरच्या एका कमानीत मावत नाही. नियम असूनही ठिपके विखुरलेलेच दिसू शकतात. म्हणून ‘कमान दिसली नाही, तर ती खरखरच’ असे मुलांना शिकवू नये. कमान दिसली तर नियम आहे, इतकेच खात्रीने म्हणता येते.

पुस्तकाची दुसरी उणीव थोडक्यात. बंडखोर एकटा नायक आणि त्याला न समजणारे जुने लोक, ही चौकट ग्लिकला फार आवडते. विसाव्या शतकाचे विज्ञान सापेक्षता, पुंजयांत्रिकी आणि केऑस या तीनच गोष्टींसाठी आठवले जाईल, हे केऑसच्या भक्तांचे म्हणणे तो सुरुवातीलाच नोंदवतो. आज मागे वळून पाहता ते फार मोठे माप वाटते. शिवाय त्या चौकटीत डफिंगसारखे अभियंते बसत नाहीत, आणि केंब्रिजच्या मेरी कार्टराइटही नीट बसत नाहीत. १९३८ साली ब्रिटनच्या रेडिओ संशोधन मंडळाने गणितज्ञांकडे मदत मागितली. नळ्यांच्या आंदोलकांची अरेषीय समीकरणे त्यांना सुटत नव्हती. कार्टराइट आणि लिटलवुड यांनी ते काम घेतले आणि १९४५ साली छापलेल्या निबंधात, व्हान डर पॉलच्या त्या समीकरणात किती विचित्र वर्तने दडली आहेत ते दाखवले. यांपैकी कुणाचेही काम पुस्तकाच्या गाभ्यात नाही. मुलींच्या हाती हे पुस्तक देताना कार्टराइटची गोष्ट शिक्षकांनी स्वतः जोडून द्यावी.

अकरावी-बारावीच्या मुलांना सगळे पुस्तक एकदम देण्याऐवजी लोरेन्झचे, लिबशाबेरचे आणि सांताक्रूझचे प्रकरण द्यावे. फ्रॅक्टल चित्रांची प्रकरणे मागाहून वाचली तरी चालतील; ती देखणी आहेत, पण प्रस्तुत प्रश्नाला त्यांचा फारसा उपयोग नाही. सांताक्रूझचे प्रकरण वाचून झाल्यावर नळाचा प्रयोग शाळेतही करता येतो. खाली पत्र्याची ताटली ठेवायची, थेंबांचा टपटप आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करायचा आणि दोन आवाजांमधले काळ मोजून, लागोपाठच्या काळांच्या जोड्या आलेखावर मांडायच्या. नळ पालिकेच्या पाण्याचा नको, त्याचा दाब सतत बदलतो. उंचावर ठेवलेल्या बादलीला बारीक तोटी लावावी आणि बादलीतली पातळी कायम राहील अशी व्यवस्था करावी, नाही तर पाणी उतरत जाईल तशी ठिपक्यांची आकृती सरकत जाते आणि मुले तो गोंधळ समजतात. तोटी जरा जरा उघडत गेलात, तर एका टप्प्यावर थेंब ‘टप-टप, टप-टप’ असे जोडीने पडू लागतील. ती दुपटीची पहिली पायरी. तिच्या पुढची पायरी दिसायला खोलीतला पंखा बंद करावा लागेल.